आठ ग्रॅम मीठ

दिनांक १४ डिसेंबर १९९७, रविवार. रक्कम रुपये पाच हजार एक, चेकने. स्थळ ठाण्यात बाळकुमला बंद पडलेल्या एका कारखान्याची शेड, एका मराठी वाहिनीने कार्यक्रमासाठी भाड्याने घेतलेली. हजर: माझी मुलगी, वय बारा, आमच्या समोरच्या दारातली तिची मैत्रीण, वय तेवढंच, आणि दोघींचा पालक म्हणून मी. चेक माझ्या मुलीच्या नावाचा होता. मुलांच्या पाककला स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता.

मी एका कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी केली. दहा पैशांचा फरक लागेना म्हणून तीन दिवस जुनी व्हाउचरं उपसलेला माणूस आहे. वाण्याने चुकून जास्त परत दिलेले आठ आणे द्यायला मुलीला तीन जिने पुन्हा उतरायला लावलेलं आहे. त्या चेकमधला फरक मात्र मला चेक हातात पडण्याआधीपासून माहीत होता. तो आठ ग्रॅमचा होता.

डोंबिवली पूर्वेला आमची तीन मजली इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक आमचं. दुसऱ्या दारात एक भटजी, त्यांची बायको आणि मुलगी. भटजी पूजा, वास्तुशांती, लग्नं करायचे. वहिनी घरी स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायच्या, मुख्यतः नैवेद्याच्या. कोणाकडे सत्यनारायण, कोणाकडे श्राद्ध, कोणाकडे सवाष्ण. ज्यांच्या घरात सोवळ्यातलं करायला कोणी उरलेलं नव्हतं, ते सगळे त्यांच्याकडे यायचे. पहाटे अंघोळ करून ओलेत्याने सुरू केलेलं काम अकरापर्यंत संपायचं आणि डबे खाली जायचे.

त्या घरात एक नियम होता. नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थाची चव घ्यायची नाही. एक थेंबसुद्धा जिभेवर नाही. माझी बायको याचं नवल करायची. "अहो वहिनी, पण मीठ कमीजास्त झालं तर?"

"होतं कशाला?" वहिनी म्हणायच्या. "तेच पातेलं, तेच मीठ, तोच हात."

त्यांची मुलगीही तशीच तयार झाली होती. दहाव्या वर्षापासून ती आईला मदत करायची आणि बाराव्या वर्षी एकटी अख्खा नैवेद्य करायची. अळूचं फदफदं तर आईपेक्षा चांगलं, असं आई स्वतः सांगायची. माझ्या मुलीला स्वयंपाकाची गोडी लागली ती तिच्यामुळे. शाळेतून आली की दप्तर टाकून समोर पळायची. मसालेभात ती तिच्याकडून शिकली. आमच्याकडे चव घेण्याला बंदी नव्हती, त्यामुळे आमच्या ओट्यावर भात शिजेपर्यंत चार वेळा चमचा तोंडात जायचा. मैत्रीण तिला चिडवायची. "ए, पाहुण्यांना काही ठेवशील का? का तूच जेवून घेणार आहेस?"

वाहिनीवर जाहिरात आली तेव्हा दोघींनी मिळूनच ठरवलं. दहा ते चौदा वर्षांची मुलं. अर्जासोबत पदार्थाची कृती लिहून पाठवायची, प्रमाणासहित. तिथेच मैत्रिणीचं अडलं. ती संध्याकाळी आमच्याकडे आली. हातात कागद होता आणि त्यावर फक्त पदार्थाचं नाव.

"काका, आमच्याकडे प्रमाणच नाही. आई म्हणते मूठभर डाळ, चिंचेचा एवढा गोळा. असं कसं लिहायचं?"

मला हे काम आवडलं, हे कबूल करतो. ऑफिसातून टपालाचा काटा दोन दिवसांसाठी मागून आणला. रविवारी त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसलो. सोवळं असल्यामुळे आत जायचं नव्हतं. मुलगी हाताने घ्यायची, वाटीत टाकायची, वाटी बाहेर सरकवायची. मी तोलायचो आणि माझी मुलगी वहीत आकडा लिहायची. अळूची पानं, चणाडाळ, शेंगदाणे, मुळा, चिंच, गूळ. मिठाची पाळी आली तेव्हा एका चमच्याचं वजन काट्यावर नीट दिसेना. म्हणून मी दहा सपाट चमचे एकदम तोलले आणि दहाने भागलं. त्यांच्याकडे पिशवीतलं बारीक मीठ नव्हतं. खाडीकडची एक बाई टोपलीतून मिठागराचं जाडं मीठ आणायची, ते ओलसर, करड्या रंगाचं मीठ वहिनी घ्यायच्या. कारखान्यातून आलेलं मीठ नैवेद्याला नको, असं त्यांचं म्हणणं. दहा चमच्यांचे पंचेचाळीस ग्रॅम भरले. एका चमच्याचे साडेचार. मुलीने हाताने घेतलेलं मीठ अठरा ग्रॅम होतं. म्हणजे बरोबर चार चमचे. तिचा हात एवढा पक्का होता की चौथ्या चमच्यावर कण राहिला नाही. मी तिला तीनदा घ्यायला लावलं, तिन्ही वेळा अठरा.

मग मसालेभातासाठी आमच्या घरचं मीठ तोललं. आमचं पिशवीतलं, बारीक, कोरडं. दहा चमच्यांचे पासष्ट ग्रॅम. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, चमचा तोच, मग वजन जास्त कसं?"

मी तिला समजावलं. जाड्या खड्यांमध्ये हवा राहते, बारीक मीठ गच्च बसतं. तिने ते वहीत लिहून घेतलं. मला तिचा अभिमान वाटला.

अर्जावर मी माझ्या अक्षरात स्वच्छ लिहून दिलं. मैत्रिणीच्या कागदावर लिहिलं: मीठ, चार चहाचे चमचे, सपाट. "जाडं" हा शब्द मी लिहिला नाही. मुद्दाम गाळला असं नाही. तेव्हा सुचलाच नाही. ही पहिली चूक, आणि ती खरोखरच चूक होती. एक नक्कल वहिनींनी ठेवून घेतली. त्यांच्या पदार्थाला पहिल्यांदाच कागद मिळाला होता.

पहिली फेरी ठाण्यात एका शाळेच्या सभागृहात झाली. घरून करून आणलेला पदार्थ परीक्षकांना द्यायचा. पन्नासच्या वर मुलं होती. परीक्षक दोन: हॉटेलात काम करणारे एक आचारी आणि स्वयंपाकाचे वर्ग घेणाऱ्या एक बाई. अळू चाखल्यावर त्या बाईंनी दुसरा चमचा घेतला, मग तिसरा, आणि आचाऱ्यांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही थांबा, मला संपवू द्या." आचारी हसले आणि त्यांनी वाटी स्वतःकडे ओढली. पहिल्या फेरीत तिचा पहिला नंबर. माझ्या मुलीचा पाचवा. सहाजण अंतिम फेरीत गेले.

इथे मला माझ्याबद्दल लिहावं लागेल. त्या दिवशी मी पेढे आणले आणि दोन्ही घरी वाटले. पण रात्री जेवताना माझ्या तोंडून निघालं, "पाचवा म्हणजे शेवटून दुसराच की." बायको म्हणाली, "तुमचा ताळेबंद झाला असेल तर पोरीला जेवू द्या." मुलगी जेवतच होती. तिला पाचव्याचं वाईट वाटलंच नव्हतं. वाईट मला वाटलं होतं. इमारतीत जो तो समोरच्या मुलीच्या हाताच्या चवीबद्दल बोलत होता. माझ्या मुलीबद्दल "तीपण होती ना?" एवढंच.

अंतिम फेरीसाठी पत्र आलं. एका स्पर्धकामागे एक पालक. भांडी आणि मुख्य साहित्य आपलं. तेल, साखर, मीठ, पाणी तिथे मिळेल. मोजमाप चमच्या-वाटीने, हाताने नाही. लग्नसराई होती. त्या रविवारी भटजींची दोन लग्नं आणि वहिनींची पस्तीस पानांची ऑर्डर. वहिनी आमच्या दारात आल्या.

"भाऊ, तिला तुमच्याबरोबर पाठवली तर चालेल?"

"अहो, विचारताय काय? दोघी एकत्रच जातील."

"तुम्ही आहात म्हटल्यावर मला बघायलाच नको," त्या म्हणाल्या. माझ्याबद्दल कोणी इतक्या सहज असं बोललेलं मला आठवत नाही.

शीळफाट्यावरून रिक्षाने गेलो. मागे मी मधे आणि दोघी दोन बाजूंना, पायाशी पातेली, मांडीवर अळूची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळलेली. दोघी वाटभर खिदळत होत्या. पहिलं बक्षीस कोणालाही मिळालं तरी अर्धं अर्धं करायचं, असं त्यांचं ठरलं होतं. "पाच हजार एकचे अर्धे किती, काका?" मैत्रिणीने विचारलं. "अडीच हजार आणि आठ आणे," मी म्हणालो. "आठ आणे तुझे, मला नकोत," माझी मुलगी म्हणाली. "नको कसे? काका जिना उतरायला लावतील!" दोघी हसून लोळल्या. मीही हसलो.

जिंकल्यावर काय ते मैत्रिणीचं ठरलेलं होतं. ती मला सांगत होती. पैशांपेक्षा तिला वेगळंच काहीतरी हवं होतं. आईने कबूल केलं होतं की ती जिंकली तर मे महिन्यातली एक मोठी ऑर्डर, दीडशे पानांची मुंज, ती तिच्या हाताने करू देईल. आई फक्त बाजूला उभी राहील. "मी म्हणजे मुख्य, काका. आई मला विचारणार, डाळ घालू का म्हणून!"

शेडमध्ये सहा टेबलं मांडली होती. प्रत्येकावर गॅसची शेगडी आणि बरण्या. सुरू होण्याआधी पालकांना दहा मिनिटं टेबल बघू दिलं. मी आधी माझ्या मुलीचं टेबल बघितलं, मग मैत्रिणीचं. काचेच्या बरणीत मीठ होतं. पांढरंशुभ्र, बारीक, कोरडं. बरणी तिरकी केली तर पाण्यासारखं वाहत होतं.

माझं डोकं आकडे आपोआप करतं, ते मला थांबवता येत नाही. चार चमचे, साडेसहाच्या हिशेबाने सव्वीस. हवं अठरा. आठ ग्रॅम जास्त.

माझी मुलगी माझ्या शेजारी आली होती. तिनेही बरणी पाहिली. ती हळूच म्हणाली, "बाबा, हे आपल्यासारखं मीठ आहे. तिचं माप जाड्या मिठाचं आहे ना?"

मैत्रीण चार हातांवर होती. नळावर पानं धूत होती. मला फक्त तिला हाक मारायची होती. "अगं, चारऐवजी पावणेतीन घाल," एवढं वाक्य.

मी मुलीला म्हणालो, "तिला दिसतंय की. रोज स्वयंपाक करणारी मुलगी आहे ती. तू तुझ्या टेबलावर जा, तुझं बघ."

ती लगेच गेली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मग गेली. तेवढ्यात कार्यक्रमाच्या बाईंनी टाळी वाजवली आणि पालकांना दोरीच्या मागे बसायला सांगितलं.

पाऊण तासाची वेळ होती. मैत्रीण इतरांपेक्षा शांत काम करत होती. बाकीच्या मुलांचे पालक मागून हातवारे करत होते, बाई त्यांना दटावत होत्या. "आई, खाली बसा हं! भेंडी तुमची नाहीये." मी एकटा हात मांडीवर ठेवून बसलो होतो. बाई एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, या काकांकडून शिका."

अळू शिजून घोटून झालं. चिंच गेली, गूळ गेला. मैत्रिणीने मिठाची बरणी उघडली. एक चमचा, दोन, तीन. चौथा तिने भरला आणि हात हवेत थांबला. तिने बरणीकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी वेगळं वाटलं होतं. मग तिने मान वर करून मला शोधलं आणि दुसऱ्या हाताची चार बोटं दाखवली. चारच ना, काका?

मी मान हलवली. हो.

त्या क्षणी मी स्वतःला काय सांगितलं ते मला नीट आठवतं, कारण पुढे ते मी खूपदा सांगून पाहिलं. ती कागदावर काय आहे ते विचारतेय. कागदावर चार आहेत. मी खोटं बोललो नाही.

शेजारच्या टेबलावरून माझी मुलगी हे बघत होती.

मैत्रिणीने चव घेतली नाही. घ्यायची नव्हतीच. तयार झाल्यावर तिने छोट्या वाटीत थोडं अळू काढलं, घरून आणलेलं तुळशीचं पान वर ठेवलं आणि कार्यक्रमाच्या बाईंना विचारलं, "ताई, पूर्व कुठे आहे?"

सगळे हसले. कॅमेरावाला म्हणाला, "बेटा, इथे पूर्व माझ्याकडेच आहे, मला बघून कर." तीही हसली. मग खिडकीतल्या उन्हाचा अंदाज घेऊन तिने बरोबर दिशेला वाटी ठेवली आणि हात जोडले. तेवढ्यात घंटा झाली.

आचाऱ्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. परीक्षक बाईंनी घेतला, पाण्याचा ग्लास उचलला. "बाळा," त्या म्हणाल्या, "चाखून बघितलं होतंस का?"

"नैवेद्याआधी नाही चाखत."

"मीठ फार झालंय गं."

 तिने पातेल्यात पाहिलं, मग बोट बुडवून चव घेतली. तिचा चेहरा मी सांगू शकत नाही. तिचं पूर्वी कधी असं झालंच नव्हतं, त्यामुळे काय करायचं असतं तेच तिला माहीत नव्हतं.

पन्नासपैकी माझ्या मुलीला एकेचाळीस, तिला एकोणचाळीस. स्वच्छता, मांडणी, पद्धत यांत तिला पैकीच्या पैकी होते. चवीत गेले.

निवेदकाने माझ्या मुलीला विचारलं, "एवढा छान मसालेभात कोणी शिकवला? आईने?" तिने बोट करून सांगितलं, "तिने." टाळ्या पडल्या. पुढे प्रक्षेपणात तो तुकडा नव्हता.

परतीच्या रिक्षात मुलींच्या मांड्यांवर दोन पातेली होती, एक रिकामं, एक जवळजवळ भरलेलं. मी चेकचं पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. अर्ध्या वाटणीचा विषय कोणी काढला नाही. काढायचा तर मैत्रिणीनेच काढायला हवा होता, आणि ती काढणाऱ्यांतली नव्हती. आमच्या मुलीने काढला नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं. ती बाहेर तोंड करून बसली होती, माझ्या बाजूचा हात अंगाशी ओढून.

वहिनींनी घरी अळू चाखलं. मी त्यांच्या दारातच होतो.

"खारट आहे गं. किती घातलंस?"

"चार चमचे."

"चार कसे असतील? कागदावर चार आहेत, ते काय खारट होतात? भरून घातले असशील. कॅमेरा बघून हात जड झाला तुझा." मग माझ्याकडे वळून, "असू दे हो भाऊ. घरात एकीला मिळालं ना, झालं. तुम्ही दिवसभर सांभाळलंत."

मी म्हणालो, "अहो, त्यात काय."

जानेवारीत कार्यक्रम दाखवला. आमच्याकडे रंगीत टीव्ही, म्हणून अर्धी इमारत आमच्या घरात. कपाटावर बक्षिसाचा कप ठेवलेला. पडद्यावर त्या परीक्षक बाई म्हणाल्या, मीठ फार झालंय, आणि खोलीत हशा झाला, दुष्टपणाचा नव्हे, पण हशाच. वहिनी हसल्या नाहीत. पडद्यावर चार बोटांचा तो क्षण आला नाही. मी वाट बघत होतो. कॅमेरा तेव्हा दुसऱ्या टेबलावर होता.

मे महिन्यातली मुंज वहिनींनी स्वतः केली. त्यानंतर एक गोष्ट आमच्या लक्षात आली, कारण समोरासमोरची दारं दिवसा उघडीच असायची. ती मुलगी चिरायची, शिजवायची, घोटायची. मग हाक मारायची, "आई, मीठ." आणि वहिनी येऊन मीठ घालायच्या. हे एका ऑर्डरपुरतं नव्हतं. रोजचं झालं. ज्या हाताने तीनदा बरोबर अठरा ग्रॅम घेतले होते, त्या हाताला मिठाच्या डब्यापासून लांब ठेवलं होतं. वहिनी जाताजाता बोलायच्याही. "काकांसारखं नीट मोजायला शिक. एक एक चमचा बघून."

माझ्या मुलीने स्वयंपाक सोडला. भांडण नाही, रडणं नाही. ओट्याकडे फिरकेनाशी झाली. बायकोने एकदा मसालेभात कर म्हटलं तर म्हणाली, "मला येत नाही." काही दिवसांनी कप कपाटावरून नाहीसा झाला आणि माळ्यावर जुन्या गादीच्या मागे सापडला. बायकोने तिला विचारलं असावं आणि तिने सांगितलं असावं. कारण त्यानंतर एक दिवस बायको भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढं एक वाक्य होतं."  बाजारातून परत आलेले पैसे मी तेव्हाही मोजून घेत होतो.

सांगायचं असं मी बऱ्याचदा ठरवलं. गुढीपाडव्याला ठरवलं, गणपतीत ठरवलं. दर वेळी वाटायचं, आता इतक्या दिवसांनी काय. दिवस वाढत गेले तसं ते वाक्य अवघडच होत गेलं.

दोन वर्षांनी भटजींना खडवलीजवळ एका देवळाची पूजा मिळाली, राहायला खोल्यांसकट. डोंबिवलीचं भाडं परवडत नव्हतंच. टेम्पो सोमवारी येणार होता. रविवारी वहिनींनी आमची दोन पातेली घासून परत आणून दिली आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचा तो कागद बरोबर घेतलाय हं. फळीला चिकटवलेला, जपून काढला. नव्या जागी पहिला तोच लावणार."

त्या गेल्यावर मी पाकीट काढलं. मी ते आधीच भरून ठेवलं होतं. माझ्या खात्यातून, कारण चेकचे पैसे मुलीच्या खात्यात होते आणि तिने त्या पासबुकाला हात लावला नव्हता. पाच हजार एक, अधिक साडेचार टक्क्यांनी दोन वर्षांचं सरळ व्याज चारशे पन्नास. एकूण पाच हजार चारशे एकावन्न. पाकीट घेऊन मी समोर गेलो. सामान बांधून झालं होतं. वहिनी वळकटीवर दोरी आवळत होत्या.

"वहिनी, तो कागद चुकीचा आहे."

"कुठला हो?"

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. साडेचार, साडेसहा, अठरा, सव्वीस. आकड्यांपासूनच सुरुवात केली, कारण तेवढंच मला न अडखळता बोलता येतं. त्या ऐकत होत्या, पण त्यांना आकडे नको होते.

"म्हणजे तिचा हात बरोबर होता?"

"बरोबर होता."

"आणि हे तुम्हाला घरी येऊन कळलं?"

"नाही. तिथेच."

"खारट झाल्यावर."

"आधी. तिने मीठ घालायच्या आधी. तिने मला विचारलं होतं, मी हो म्हणालो."

दोरी त्यांच्या हातात तशीच राहिली. मुलगी आतल्या खोलीत पेटीला कुलूप लावत होती, ती बाहेर आली. चौदा वर्षांची झाली होती.

"आई, मला माहीत आहे," ती म्हणाली. "हिने मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं, शाळेत. ती रडत होती."

मी मागे पाहिलं. माझी मुलगी आमच्या दारातून येऊन त्यांच्या दाराशी उभी होती.

"मग बोलली का नाहीस गं?" वहिनींचा आवाज चढला. "दोन वर्षं मी तुला घालून पाडून बोलतेय!"

"काय बोलू? तू रोज सांगायचीस, काकांसारखं वाग. मग तुला कोणाचं उदाहरण राहिलं असतं?"

ती हे मला लागावं म्हणून बोलली नव्हती. आईला खरंखुरं उत्तर देत होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी पाकीट वळकटीवर ठेवलं आणि त्यात किती आहेत, ते कसे, हे सांगायला लागलो. वहिनींनी ते उचललं, उघडलं नाही, परत माझ्या हातात दिलं.

"हे तुमच्या मुलीने भात करून मिळवलेलं. तिने काय केलंय? तिच्याकडून मी कशाला घेऊ?"

"हे तिचे नाहीत, माझे आहेत."

"मग तर नकोच."

मी तसाच उभा राहिलो. परत जाणं बरं दिसत नव्हतं आणि थांबण्याला कारण नव्हतं. वहिनींनी गाठ मारून पुरी केली. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशीचं अळू, डाळ, दाणे, गूळ मिळून सदतीस रुपये झाले होते माझे. अख्खं पातेलं ओतून दिलं मी. ते द्या."

माझ्याकडे सुटे नव्हते. मी पन्नासची नोट दिली. त्यांनी कमरेची पिशवी काढली, एक दहाची नोट, तीन नाणी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "मोजून घ्या." मग मुलीला म्हणाल्या, "फळीवरचा कागद कुठल्या पेटीत गेलाय बघ. काढून टाक. आणि त्या डब्यातलं मीठ वेगळं ठेव, उद्या तिकडे गेल्यावर पहिला स्वयंपाक तुझ्याकडे."

दिनांक १९ डिसेंबर १९९९, रविवार. रुपये सदतीस, रोख, समोरच्या वहिनींना. हजर: त्या, त्यांची मुलगी आणि मी. माझी मुलगी दाराशी होती. मी बाहेर आलो तेव्हा ती मला वाट देऊन बाजूला झाली, आणि मग त्यांच्याकडे आत गेली.